उसनी घेतलेली हिरवी वायर

सोमवार, ३
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. गालबोट एकच, पण भयंकर: सर्व्हर-रूममध्ये डब्याची पिशवी अडकवायला खुंटी नाही! बावीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस आणि त्याचा डबा फरशीवर. समोर माणसाएवढा लोखंडी रॅक, आत नेटवर्कची यंत्रं. मागून एक हिरवी वायर भिंतीतल्या तांब्याच्या पट्टीला गेलेली. तिच्याविनाही दिवे लुकलुकतातच. काढली, खिडकीच्या गजाला बांधली, पिशवी लटकवली. या कार्यालयात डोकं वापरणारा पहिलाच माणूस मी असावा.

मंगळवार, ४
सफाईवाल्या मावशी रॅक झटकण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावतात, जणू ताप बघताहेत. म्हणे सरळ हात लावला तर तो धरून ठेवतो. आधीचे साहेब असेच चिकटून गेले. थर्मामीटर आणू का, असं मी विचारलं. आणा, पण आधी स्वतःच्या डोक्याला लावा, म्हणाल्या. जिभेला हाड नाही बाईंच्या.

बुधवार, ५
पिशवी फरशीवर. वायर सुटलेली, रॅकच्या दिशेने सरळ ताणून ठेवलेली. किल्ली फक्त माझ्याकडे. तरी हा शेजारच्या खोलीतल्या हिशेबनीसाचाच आचरटपणा, दुसरं काय! दुहेरी गाठ मारली.

गुरुवार, ६
पुन्हा तेच. या वेळी वायरचं टोक थेट रॅकच्या स्क्रूपाशी. रॅकच्या दाराला हात लागला तर झिणझिण्या. वायरमनला बोलावलं. कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर माझ्याबद्दलची कीव. सॉकेटचं अर्थिंग नावापुरतंच आहे, म्हणाला; वीज रॅकच्या पत्र्यात उतरलीच तर जमिनीत नेणारी ती एकच वायर होती. ती काढणारा दिवटा कोण, असंही विचारलं. शोधून काढू, म्हणालो. नवी वायर घेऊन तो सोमवारी येणार.

शुक्रवार, ७
आधीच्या साहेबांची नोंदवही सापडली. शेवटची ओळ: ‘हिरवी वायर कोणीतरी नेली. आज नवी लावतो.’ पुढची पानं कोरी होती. मी स्वतः चाळली होती. जेवून आलो तर खाली, त्याच अक्षरात, ओली शाई — ‘परत द्या.’

शुक्रवार, दीड वाजता
दर शुक्रवारी मावशी रॅक ओल्या फडक्याने पुसतात. दोनला येतील. नको म्हणावं तर कारण सांगावं लागेल. म्हणजे वायर कोणी —
नाही. गुपचूप लावून टाकतो.

पावणेदोन
मुख्य स्विच पाडला. रॅकमधले पंखे थांबले. एवढी शांतता —
पिशवी सोडली. वायरचं एक टोक रॅकला कसलं. दुसरं, उघड्या तारेचं, उजव्या मुठीत, पट्टीकडे नेतोय. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर माझं वाटत नाही —
घेतलं होतं, परत केलं. कोणाला कळायचं कारण नाही. फक्त हा एक स्क्रू —
स्विच पाडलाय. पाडलाच होता मी. मग हे पंखे पुन्हा सुरू कसे —