सात नंबरचं घरटं

३ मार्च
परिचय लिहून द्यायचा आहे! कासव महोत्सवात दहा मिनिटं बोलायचंय. त्याआधी निवेदक माझ्याबद्दल वाचणार. मर्यादा शंभर शब्द. आतापर्यंत झालं आहे ते माझं नाव.

४ मार्च
लिहिलं — 'बारा वर्षं मालवणच्या शाळेत संस्कृत शिकवलं. मुलांनी संस्कृत सोडलं, मग शाळेने मला. नंतर सात वर्षं वार्ताहर. आता मिठबावच्या कासव हॅचरीत नोंदी ठेवते.'
अक्षदाला दाखवलं. लेक नववीत आहे; दयामाया शिकायची आहे अजून. म्हणाली, "आई, तुला सगळीकडून काढलंय असं वाटतं वाचून."
अंड्यातून येणाऱ्यांना संस्कृतात द्विज म्हणतात. एकदा अंडं म्हणून जन्म, एकदा अंड्यातून. ही माझी तिसरी नोकरी. मला काय म्हणायचं?

८ मार्च
सात नंबरचं घरटं अजून गप्प. पंचावन्न दिवस! सहा आणि आठची पिल्लं केव्हाच समुद्रात गेली.
सात मी स्वतः आणून हॅचरीच्या वाळूत पुरलेलं, माझं पहिलंच. कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरून एकशे चार अंडी, मोटारसायकलवर मागे बसून, बादली मांडीवर. अंडी फिरवायची नसतात — वरची बाजू वरच, नाहीतर आतला जीव मरतो. शेवटच्या वळणावर बादली कलंडली होती. थोडी. म्हणजे बऱ्यापैकी.
कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्यांच्या चुकांखाली बारा वर्षं लाल रेघा मारणारी मी!

१० मार्च
डबा विसरले म्हणून दुपारी परत गेले. बघते तर चंद्रावती सात नंबरवर ओलं गोणपाट पसरतेय! ही सकाळी मासे विकते आणि मी गेल्यावर हॅचरीची राखण करते.
"हे काय गं?"
"वाळू कितकी तापता, बाई! टोपलीतले माशे नासतत तशी अंडी नासतली नाय?"
"रोज घालतेस?"
"तुमी गेल्यार रोज. ह्या एकाकच. कडेक आसा, सावळी नाय बिचाऱ्याक."
रागवणारच होते, तेवढ्यात आठवलं. थंड वाळूत पिल्लं सावकाश वाढतात — वाचलंय मी. म्हणजे उशीर बादलीमुळे नाही, गोणपाटामुळे? की आत काहीच नाही उरलेलं? भीती होतीच, आता उत्सुकतेने जीव खाल्ला.
आणखी एक वाचलेलं तिला सांगितलं — थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या. तिला तीन मुली; झील, म्हणजे मुलगा, एकही नाही. डोळे पुसेपर्यंत हसली.
"माका जमला नाय तां गोणपाटान केल्यान!"

१३ मार्च
साठावा दिवस. नियम असा की साठ झाले की घरटं उकरायचं आणि काय झालंय त्याची नोंद करायची. वनखात्याचे साहेब हातमोजे घालूनच आले. मी गोणपाटाचं सांगितलं. मग — आता सुरुवात झालीच होती म्हणून — बादलीचंही.
"म्हणजे मेलीच आहेत," साहेब म्हणाले. थंडपणे, आकडा सांगावा तसं.
चंद्रावतीने पदर खोचला आणि घरट्यासमोर फतकल मारली.
"सायबानू, माज्या मोठ्या चेडवाच्या जन्माक धा दिस उशीर झालो. तिका कोण उकरूक नाय इलो!"
साहेबांनी हातमोजे काढले. चार दिवस दिले. उशिराचं कारण नोंदवहीत मी लिहायचं. 'गोणपाट' लिहिलं.

१४ मार्च
निवेदकाचा फोन. "'कासवतज्ज्ञ' घालू का, मॅडम?"
म्हटलं, चंद्रावतीला विचारून सांगते.

१५ मार्च
काही नाही.

१६ मार्च
वाळूला कान लावला. समुद्रच ऐकू येतो. अक्षदाने मागून फोटो काढला. म्हणे, परिचयासोबत हाच पाठव.
परिचय मात्र सगळा खोडला. उद्या साहेब येतील. मी आणलेली एकशे चार अंडी — ती जिवंत आहेत की मी मारली, हे कळल्याशिवाय मी कोण ते कसं लिहू?

१७ मार्च
सकाळी साडेसहा. सात नंबरवरची वाळू खचलीय! बशीएवढा खड्डा. त्यात मधोमध एक काळं नाक. नाही, दोन.
चंद्रावती माशांची टोपली तिथेच टाकून धावत येतेय — "इले गो बाई, माजे झील इले!"