पालकाची सही

अमरावती,
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांना गीतांजलीचा शि. सा. न.

फोनवर तुमचं मला ऐकू येतं, माझं मात्र आता तुमच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून हे पत्र. आठवडाभर शाळेत शिकवते, पण रविवारी मी कुठे असते ते आईला दिसावं म्हणून पीएच.डी.च्या सहामाही प्रगती अहवालाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. किती काम झालं ते त्यात टक्क्यांत लिहावं लागतं. मागच्या वेळी पंचेचाळीस लिहिलं होतं, या वेळी चाळीस. आठवडी बाजारांवरचं एक अख्खं प्रकरण गाइड मॅडमनी पुन्हा लिहायला सांगितलं. चार वर्षं झाली, बाबा, आणि मी मागेच चालले आहे.

एक वर्ष वाढवून मागायचं की सोडायचं, हे फेब्रुवारीत कळवायचं आहे. सोडलं तर दर रविवारी तेल्हाऱ्याला येता येईल. शेतात शेवंतीचा तोडा सुरू असेल ना? वाचनालयात बसल्या बसल्या बोटांना तिच्या पानांचा वास येतोय असं वाटतं. मला वाटतं, सोडावंच. तुम्ही सांगा.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
गीतांजली


तेल्हारा,
२७ जानेवारी

चि. गीतांजलीले बापाचा आशीर्वाद.

तुय पत्र भेटलं. प्रगतिपुस्तक पाहिलं. पालकाच्या सहीची जागा दिसली नाही, इसरले असतीन. मी तुया सहीखाली करून देल्ली. कागद वापस पाठवून राहिलो, सायबाले देजो. दहावीपर्यंत मीच करत होतो, मंग कोणी मांगितलीच नाही.

पाच टक्के कमी झाले ते आवडलं नाही. पण पुरा कागद दोनदा वाचला, नापास कुठीच लिहेल नाही. मंग काहून सोडून राहिली? बारावीच्या पुढं काय असते ते आपल्या घरात कोणाले ठाव नाही, मले काय पुसतं?

तुई माय म्हणते, सोड न ये. रविवारी दुपारची यष्टी येऊन जाईपर्यंत ते जेवत नाही. मी जेवतो. मंग ते काहीतरी पुटपुटते, ऐकू येत नाही ते बरंच.

तू आली तर मले बरं वाटीन. पण मले बरं वाटावं म्हणून सोडू नको.

जेवत जाजो.

गोवर्धन


अमरावती,
९ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न.

घाईत झेरॉक्स माझ्याकडे राहिली आणि मूळ अहवालच तुमच्याकडे गेला, हे तुमचा लिफाफा उघडल्यावर कळलं. शेवटची तारीख त्याच दिवशी होती, म्हणून तोच नेऊन दिला. कार्यालयातल्या लीलाबाईंनी विचारलं, हे गोवर्धन कोणत्या विभागाचे? मी म्हटलं, पालक. एकोणतीस वर्षांच्या बाईला पालक लागतो का, म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

सोबत एक वर्ष वाढवून मागितल्याचा अर्जही दिला, बाबा.

आजचा रविवारही वाचनालयात गेला. त्या प्रकरणाची दोन पानं झाली. टक्क्यांत ती कुठे दिसायची नाहीत, पण तुम्हाला सांगावीशी वाटली.

रागवा, पण विसरू नका.

तुमची
गीतांजली

ता. क. आईला म्हणावं, रविवारी वेळेवर जेवून घे. वाट पाहू नकोस, असं मात्र सांगू नका.