बाटली, बैठका आणि सासूबाई

३ मार्च, मंगळवार

नाही म्हणजे नाहीच प्यायली! बायकोची प्रसूतीची रजा काल संपली, आज ती कामावर गेली. बाटलीत तिनेच काढून ठेवलेलं दूध होतं, कोमटही बरोबर. पण मालकीणबाईंनी ओठ असे मिटले, जसा काही मी एरंडेल पाजतोय. जबरदस्तीने दोन थेंब गेले. ते तिने माझ्या शर्टावर परत केले. वर बघून हसली.

मालकीण म्हणजे आमची मुलगी. वय महिने पाच. दात एकही नाही, तोरा बत्तिशीचा.

४ मार्च, बुधवार

आजही उपास. संध्याकाळी बायको आली ती बुटांसकट सोफ्यावर बसली आणि पोरीला पाजायला घेतलं. मालकीण अशी तुटून पडली, जणू जन्मात पहिल्यांदा दूध बघतेय. पिता पिता माझ्याकडे तिरका डोळा — शीक काहीतरी!

बायको बंदरात क्रेन चालवते. घराएवढे लोखंडी डबे जहाजावरून उचलून फुलासारखे खाली ठेवते. माझ्याच्याने एक बाटली एका तोंडात जात नाही.

६ मार्च, शुक्रवार

सासूबाई आल्या. मदतीला. महिनाभर राहणार म्हणे. दारातच मला आपादमस्तक न्याहाळलं, नजर मध्यावर थांबली.

"जावईबापू, बाळंतपण नक्की कुणाचं झालं?"

बायको हसून हसून खाली बसली. घरचा भेदी!

८ मार्च, रविवार

सासूबाईंनी उभी हयात तलावावर पोहणं शिकवण्यात घालवली. आवाज अजून या काठावरून त्या काठावर जाईल असा. इथे पाणी नाही, म्हणून बैठकीच्या खोलीत मला बुडवणं चालू आहे. सकाळी उठलो की बैठका. मग जिना. मग पुन्हा बैठका.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते, साखर सीमारेषेवर आहे. सीमारेषेवर म्हणजे अजून आत आलेली नाही, असा मी अर्थ काढला होता. सासूबाईंनी वेगळा काढला. घरातली सगळी बिस्किटं शेजारी वाटून टाकली. माझी बेकरी आहे हो! लोणीपाव, केक, खारी, सगळं मी चाखूनच बाहेर पाठवतो. धंद्यातली निष्ठा ती. सध्या भागीदार दुकान बघतोय आणि मी इथे वाफवलेला दुधीभोपळा बघतोय.

लंगोटांच्या पिशवीत नानकटाईचा पुडा लपवला होता. तोही सापडला. "हा कोणत्या बाळाचा खाऊ?"

मालकीण चटईवर पालथी पडून मान वर धरून हा सगळा अपमान पाहत होती. तिला रोज थोडा वेळ असं पालथं टाकायचं, मान आणि पाठ मजबूत होते, असं सासूबाईंचं म्हणणं. "बघा, ही कशी मन लावून करते! आणि तुम्ही!"

बाटली? नाव काढू नका.

१० मार्च, मंगळवार

सासऱ्यांचा फोन. ते निवृत्त गणिताचे मास्तर, तिकडे घरी एकटे आहेत. काल विचारलं, साखर कुठे असते? आज विचारलं, गॅस कुठून चालू होतो?

"खालून," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "आई, जरा नीट सांगा ना." त्यांनी मला वीस बैठका जास्त दिल्या.

१२ मार्च, गुरुवार

आज विनोद सुचत नाही.

सकाळी बाटली घेतली नाही, दुपारीही नाही. चमच्याने दिलं तर ओकून टाकलं. मग रडायचीही थांबली. मला वाटलं, शहाणी झाली. लंगोट बदलायला गेलो तर कोरडा. सकाळपासून कोरडाच. ओठ सुकलेले, अंग गरम, आणि मान माझ्या खांद्यावर अशी टाकलेली की मी घाबरलो. सासूबाई एकच शब्द बोलल्या — "चला." बूटही न घालता निघालो.

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. एवढासा तो हात! बालरोगतज्ज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, "ताप साधाच आहे, पण बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. वजनही उतरलंय. वेळेवर आणलंत."

बायको बंदरावरून तशीच आली, अंगात पिवळं जाकीट, काखेत हेल्मेट. पोरीला छातीशी धरलं आणि म्हणाली, "मी नोकरी सोडते."

त्या क्रेनच्या केबिनपर्यंत पोहोचायला तिला किती वर्षं लागली, मला माहीत आहे. तिथवर गेलेली त्या धक्क्यावरची ती पहिलीच बाई. मी म्हटलं, "थोडे दिवस दे मला."

"तुला? बाटली देता येत नाही तुला!"

खरं होतं. म्हणून जास्त लागलं.

१४ मार्च, शनिवार

घरी आणलं. ताप उतरला. बायकोने आठवड्याची रजा घेतली, त्यापुढचं अजून ठरलेलं नाही. डॉक्टरबाईंनी बजावलंय — फार भूक लागायच्या आधीच बाटली द्यायची, बळजबरी करायची नाही, मधूनमधून वाटीने पाजून बघायचं, आणि लंगोट ओले होतायत ना यावर डोळा ठेवायचा.

ओल्या लंगोटाला बघून माणसाला एवढा आनंद होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज मी एकाला जवळजवळ मुका दिला.

१७ मार्च, मंगळवार

लिहिताना हात थरथरतोय. पायही. पाय जास्त.

बायको डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून मुद्दाम बाहेर गेली होती. आई घरात असली की पोरीला तिचा वास येतो आणि मग बाटलीला कोण विचारतो! मी सासूबाईंसमोर बैठका काढत होतो. मालकीण चटईवर कुरकुरायला लागली, म्हणून उचलून घेतलं.

"थांबायचं नाही!" सासूबाई गरजल्या. "तिला घेऊन काढा!"

काढल्या. पोरगी गप्प. वर जाताना डोळे मोठे, खाली येताना आणखी मोठे. सासूबाईंनी मुकाट्याने माझ्या हातात बाटली दिली. मी खाली जाता जाता तिच्या ओठांना लावली, आणि लागली की हो प्यायला! चुटूचुटू! मी आनंदाने जागच्या जागी थिजलो. तशी तीही थांबली. भुवया आक्रसल्या. ड्रायव्हर, गाडी का थांबली?

पुन्हा खाली. पुन्हा वर. बाटली संपेपर्यंत मी हातपंपासारखा खालीवर चालू होतो. शेवटी जमिनीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. मालकीणबाईंनी ढेकर दिला.

"शाब्बास रे!" सासूबाई म्हणाल्या. "जमलं तुला!"

तुला! लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा मी जावईबापूचा 'तू' झालो.

२० मार्च, शुक्रवार

डॉक्टरबाईंना बैठकांचं सांगितलं. आधी हसल्या, मग करूनच दाखवायला लावलं. नर्सही बघायला आल्या. "हळू काढा, बाळाचं डोकं उंच राहू द्या. बाकी छान!" पोरीचं वजन वाढलंय. माझं घटलंय. तेवढंच घरातल्या घरात इकडचं तिकडे!

बायको सोमवारपासून कामावर. जाकीट धुवून वाळत घातलंय. नोकरी सोडण्याचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही.

२१ मार्च, शनिवार

दुपारी लंगोटांच्या घड्या घालत होतो. मी सहज म्हटलं, "आई, पंधरा दिवस झाले. बाबा वाट बघत असतील."

त्या म्हणाल्या, "बघू देत. मी परत जाणार नाहीये."

मी घडी हातात धरून तसाच.

"मागे माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, आठवतंय? घरी आले. डोळ्यावर ही एवढी पट्टी. पलंगावर पडलेय. हे आत आले. मला वाटलं, पाणी हवंय का विचारतील. तर म्हणतात, 'अगं, माझा चष्मा पाहिलास का?'"

मी ओठ चावून धरले. हसलो असतो तर बैठका नाही, फाशी झाली असती.

"हस," त्या म्हणाल्या. "मीही हसले होते. मग रडले. जगाला पोहायला शिकवलं रे मी. एक माणूस घरात काठावरच बसून राहिला, आणि मी त्याला टॉवेल देत राहिले."

२२ मार्च, रविवार

बायकोला सांगितलं. तिने वाळलेल्या जाकिटाची घडी घातली. मग विचारलं, "चष्मा होता कुठे?"

"बाबांच्या डोक्यावर."

हसली. हसता हसता डोळे पुसले. "आईला राहायचं असेल तर राहू दे," म्हणाली. "पण बाबा तिकडे काय खात असतील?"

२५ मार्च, बुधवार

बाबा काय खात होते ते कळलं. काही नाही. आज ते दारात उभे राहिले तेव्हा मी ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, विजार पट्ट्याने कशीबशी थोपवलेली. चहाबिस्किटावर दिवस काढलेत म्हणे. पायऱ्या चढून आले आणि भिंत धरून उभे राहिले. चक्कर.

सासूबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, ताट वाढलं, समोर ठेवलं. ते जेवले. मग म्हणाले, "चल घरी."

"का?"

"अगं, का म्हणजे? तुझ्याशिवाय घर चालत नाही."

"घर चालत नाही, की तुमचं चालत नाही?"

मास्तरांना प्रश्न अवघड गेला. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सासूबाई ताट घेऊन आत गेल्या, आणि आत भांडी जरा जास्तच वाजली.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी भागीदाराचा फोन — भट्टी बंद पडली, ताबडतोब ये! बायको कामावर, सासूबाई भाजी आणायला गेलेल्या. मी मालकीण सासऱ्यांच्या हातात दिली, बाटली दाखवली, बैठकांचं सांगितलं. त्यांनी पोरीला असं धरलं, जशी काही ती दुसऱ्या शाळेची उत्तरपत्रिका आहे.

"मला नाही जमायचं. तिची आजी येईपर्यंत थांब."

"बाबा, भट्टी थांबत नाही," म्हणालो आणि पळालो. वाटभर स्वतःला शिव्या दिल्या.

परत आलो तर सासूबाई दाराबाहेर उभ्या. भाजीची पिशवी हातात, दार किंचित उघडं. तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. आत पोरगी रडत होती आणि मास्तर घामाघूम होऊन खुर्चीची पाठ धरून अर्धीमुर्धी बैठक काढत होते. गुडघे कडकड वाजत होते. "अगं बाई, थांब, थांब, आजोबा नवीन आहेत!" पोरगी काही केल्या थांबेना. मग त्यांनी बैठकांचा नाद सोडला, खुर्चीत बसून तिला मांडीवर उभी केली आणि पाढे म्हणायला लागले. सतराचा. हळू आवाजात, डुलत. एकोणिसाच्या पाढ्यावर मालकीणबाईंनी तोंड उघडलं आणि बाटली घेतली.

मी आत जायला निघालो. सासूबाईंनी माझा दंड धरला. "थांब. संपवू दे त्यांना."

बाटली संपली तरी पाढा चालूच होता. मी वळून पाहिलं तर सासूबाई पदराने नाक पुसत होत्या. मला म्हणाल्या, "कांदे आणलेत."

पिशवीत दुधीभोपळा होता.

२८ मार्च, शनिवार

आज सासऱ्यांनी स्वतः चहा केला. सगळ्यांना दिला. भयंकर होता. सासूबाईंनी पूर्ण कप संपवला. त्यांच्या मनात काहीतरी शिजतंय. चहापेक्षा नक्कीच बरं.

२९ मार्च, रविवार

सासूबाई सकाळी घरी गेल्या. एकट्या. सासरे इथेच राहिलेत. दारात मला म्हणाल्या, "तुला शिकवलं, आता तू यांना शिकव. जमायला लागलं की पाठवून दे. घाई नाही."