०१ नंतर ११

अप्पा, त्या सकाळी मी पाणी भरलं, तुमचा सदरा इस्त्री केला, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि फळा पुसला. बोरीवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत तुमचा इलेक्ट्रॉनिक्सचा क्लास सातला भरायचा. तुमच्या नोट्स मी चांगल्या अक्षरात उतरवायची आणि त्यांच्या झेरॉक्स मुलांना मिळायच्या. त्या दिवशी कार्नो मॅपची, म्हणजे सर्किट लहान करायच्या चौकटींच्या तक्त्याची, चाचणी होती. सगळ्यांची उत्तरं चुकली, कारण नोट्समध्ये तक्त्याच्या डोक्यावर ००, ०१, १०, ११ असं होतं. शेजारच्या चौकटीत जाताना एकच आकडा बदलायला हवा, तरच शेजारी लागून आलेले १ एकाच वेढ्यात घेता येतात आणि सर्किट लहान होतं. म्हणजे ०१ नंतर ११, मग १०.

"सर, नोट्समध्ये असंच आहे," एक मुलगा म्हणाला. मी चहा घेऊन दारात उभी. तुम्ही कागद बघितलात आणि म्हणालात, "पोरीने उतरवताना घोळ घातलाय. तिला काय कळतंय त्यातलं!" मुलं हसली. तुमची वही अजून माझ्याकडे आहे, अप्पा. तुमच्याच अक्षरात १० आधी आहे. क्लास सुटल्यावर तुम्ही आत आलात, ते फक्त चहात साखर कमी होती हे सांगायला.

आमचे हे गेल्यापासून दुपार सरत नाही. तुमचं जुनं पुस्तक घेऊन बसते, चौकटी आखते, वेढे घालते. उत्तर बरोबर आलं की तुम्हाला दाखवावंसं वाटतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

गेल्या आठवड्यात भाजी घेताना तुमचा तोच विद्यार्थी भेटला. आता रिटायर झालाय. बायकोला म्हणतो, "ही सरांची मुलगी. हिच्या नोट्सनी अख्ख्या बॅचची वाट लावली होती!" मग मला म्हणाला, "चिडू नको गं, गंमत केली." त्याने नंबर दिला, मी घेतला. आणि हसले. चाळीस वर्षांनीसुद्धा मी हसले, अप्पा!

हे पत्र जाणार कुठे, म्हणून लिहिते. उतरवताना ते १० मला खटकलं होतं. रोज आतून तुमचं शिकवणं ऐकून तेवढं कळायला लागलं होतं. पण त्याआधी एकदा चूक दाखवली, तर तुम्ही म्हणाला होतात, "तू अक्षर बघ, बाकीचं मी बघतो." म्हणून मी अक्षरच बघितलं.

तो भेटला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. चूक तुमची होती, हे सांगितलं. मला ती दिसली होती, हे सांगितलं नाही.