हाकेला ओ

७ जून २००८, शनिवार

माझी भाची पूर्वी, तिची ई-मेल आज पुन्हा उघडली. तीन आठवडे झाले, उत्तर नाही दिलेलं. इंग्रजी अक्षरांत मराठी — "मावशी, बावीस नोव्हेंबरला माझं लग्न, इथेच हॅमिल्टनला. यायचंच. आई वाट बघतेय."

आई वाट बघतेय, तर आईने लिहावं ना! मुलीच्या लग्नाचं बोलावणं नवऱ्या मुलीने करायचं? घरातलं मोठं माणूस येतं, हातावर अक्षता ठेवतं, "अगत्य यायचं" म्हणतं. न्यूझीलंडहून अक्षता कशा येणार, मला कळतं. पण फोन?

ही आई म्हणजे मधू, माझी पाठची बहीण, एकुलती. आई गेली तेव्हापासून आमचं बोलणं नाही. नऊ वर्षांत तिचा एक फोन नाही.

माझाही नाही, म्हणा.

१० जून

अलका आली होती. लायब्ररीतून एक कागद घेऊन. क्लँडनच्या बागेत माओरी लोकांचं, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, एक जुनं घर आहे म्हणे, लाकडी, कोरीव कामाचं. शंभर वर्षांपूर्वी कुणा लॉर्डसाहेबांनी न्यूझीलंडहून उचलून आणलं. शनिवारी लंडनची माओरी मंडळी तिथे जमणार आहेत.

"बहिणीकडे जायला हजार पौंड लागतात, हे बसपासवर आहे. चल, मृणाल!"

अलकाच्या जिभेला हाड नाही. पण नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसलेलं माणूस इथे एप्सममध्ये तीन गल्ल्या सोडून राहतं, हे भाग्य किती जणींना मिळतं?

१३ जून

पुऱ्या केल्या. थर्मास धुतला. हे असते तर गाडी काढली असती. चार वर्षं झाली. आता बसची सवय झाली आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतेही.

१४ जून, शनिवार

पाय दुखताहेत, पण आजचं आजच लिहायला हवं.

दोन बस. पहिलीत ड्रायव्हर आमच्या साड्या बघून म्हणाला, "लग्नाला का?" अलका म्हणाली, "अजून ठरायचंय!" आणि माझ्याकडे बघून हसली. दुसऱ्या बसमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली. झाडांच्या फांद्या काचेवर सपासप. शाळेच्या सहलीसारख्या पुऱ्या खाल्ल्या — अगदी लेदरहेडला बस बदलल्यापासून!

घर लहानसंच. लाल कोरीव खांब, शिंपल्याचे डोळे लावलेले चेहरे. मी सरळ पायऱ्यांकडे निघाले, तर एका बाईंनी हात धरून थांबवलं. अरोहा त्यांचं नाव. साठीच्या, लंडनमध्ये नर्स. म्हणाल्या, असं नाही जायचं. घर ही आमची पूर्वज आहे, एक बाई. आधी घरातल्या बाईने हाक मारायची, मग पाहुण्यांतल्या बाईने ओ द्यायची. तोवर कुणी पाऊल उचलायचं नाही.

आणि पाहुण्यांकडून ओ देणारी त्यांची बाई आलीच नव्हती, ट्रेन चुकली होती!

"तुमच्यात सगळ्यांत मोठी कोण?"

"ही. माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी," अलकाने मला पुढे ढकललं. धाकटेपणाचा फायदा तिने आयुष्यभर घेतला, आजही सोडला नाही.

"मला तुमची भाषा येत नाही," मी म्हटलं.

"तुमच्या भाषेत द्या. तिला कळेल."

अरोहा घरापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आणि हाक आली. लांब, उंच, अंगावर काटा आणणारी. माझ्यामागे तीसेक माणसं, काठीवर भार देऊन उभे एक आजोबा. सगळे माझ्यासाठी खोळंबलेले.

"आले गं! आम्ही आलो!"

असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. आई मागच्या अंगणातून शेजारणीला अशीच ओ द्यायची. सगळे चालू लागले. दारात चपला काढल्या, तेवढं कुणाला सांगावं लागलं नाही. आत अरोहांनी कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं.

"घर सोडून किती वर्षं?"

"एकोणचाळीस."

"हिला शंभराच्या वर झाली," छपराकडे बघून म्हणाल्या. "आम्ही येऊन हाक मारतो, म्हणून बरी आहे."

परतीच्या बसमध्ये अलका पेंगली. मी खिडकीतून बघत बसले. नव्व्याण्णव साली मधूने तीनदा फोन केला होता — "ताई, ये. आई विचारतेय." आणि मी शाळेच्या ऑफिसातून म्हटलं होतं, "एवढी टर्म संपू दे." पोचले ती आई गेल्यावर चौथ्या दिवशी. मधू दारात म्हणाली, "पाहुण्यासारखी आलीस." त्या एका वाक्याचा राग मी नऊ वर्षं सांभाळला. तिच्या तीन हाका मात्र विसरले.

आता भाचीच्या हाताने का होईना, पुन्हा हाक आली आहे. अक्षता कसल्या मागतेय मी!

देवा, त्या दोन्ही बसेसबद्दल, त्या बाईंबद्दल, पेंगणाऱ्या अलकाबद्दल — थँक यू.

१५ जून

संध्याकाळी सातला फोन लावला. तिकडे सोमवारची सकाळ. मधूनेच उचलला.

"मधू, ताई बोलतेय. लग्नाला येतेय मी."

तिकडे चहाचं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज.

"किती दिवस?"

"ठेवशील तेवढे."

"स्वेटरांचे ढीग आणू नकोस. इथे नोव्हेंबरात ऊन असतं." आणि मग, "गुडघे कसे आहेत तुझे?"

मी रडले. तीही. आईबद्दल एक शब्द नाही. तो समोरासमोर.

१७ जून

तिकीट काढलं. अलका म्हणते, "मला मेलीला कोण बोलावणार!" तिच्यासाठी काय आणू?

२१ जून

पूर्वीने फोन केला. आधी नुसतं हसू, मग चाचरत — "मावशी, रागावू नकोस. आईला माहीतच नव्हतं गं. ती मेल मी माझ्या मनाने लिहिली होती. तुझा फोन आला तेव्हा ती भांडं हातात घेऊन उभीच राहिली."

म्हणजे पहिली हाक माझीच होती.