सीताफळाखालची माती

बाबा,

माती उकरायची नाही, हा आमच्या बागेचा पहिला नियम आहे. गेल्या रविवारी तो मी मोडायला लावला, आणि तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी मोठ्याने बोलले तर घरचे माझ्याकडे बघत राहतील, म्हणून लिहिते आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे, गॅसवर वरणाचा कुकर आहे, आणि हात धुऊन धुऊन बोटांची टोकं सुरकुतली आहेत.

बाग म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर येईल तशी गुलाब-मोगऱ्याची नाही. पर्माकल्चर म्हणतात हिला. जंगलाला कोणी खतपाणी घालत नाही तरी ते चालतं, तशी बाग लावायची. नांगर नाही, कुदळ नाही, फवारणी नाही. जमिनीवर जुने पुठ्ठे अंथरायचे, त्यावर शेणकाला, त्यावर ओल्या कचऱ्याचं खत, वर पालापाचोळा, आणि त्या थरांतच रोपं लावायची. खाली काय करायचं ते गांडुळं बघतील. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, नव्या टॉवरांच्या मागे एक मोकळा तुकडा आहे. उल्हासनगरच्या एका सिंधी काकांनी तो कधीतरी गोडाऊन बांधायला घेतला होता, ते राहूनच गेलं, आणि कपड्यांचं दुकान मुलाच्या हाती दिल्यावर त्यांनी तो आम्हाला बागेसाठी उघडून दिला. दर रविवारी सकाळी आम्ही दहा-पंधरा जण तिथे जमतो. मी बेलवलीहून रिक्षाने जाते, मांडीवर आठवड्याच्या सालांची झाकणाची बादली घेऊन. रिक्षावाले आधी नाक मुरडायचे, आता त्यांच्यातला एक जण स्वतःच्या घरची सालं आणून देतो. आमच्यात सगळ्यांत तरबेज आहे ती हेंद्रेपाड्याची एक मुलगी, तिने या बागकामाचा रीतसर कोर्स केला आहे. मी तिला मुलगी म्हणते खरी, पण तिला तीन वर्षांची लेक आहे. ती लेक अनवाणी सगळीकडे फिरते, वेलावरच्या काकड्या धुतल्याशिवाय खाते आणि मला आजी म्हणते. रिटायर झाल्यावर माझे सगळे वार सारखेच झाले होते. या लोकांमुळे मला पुन्हा रविवारची वाट बघायची सवय लागली.

आणि मी काळजी करते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुलूप लावून झाल्यावर ते दोनदा ओढून बघायची तुमची सवय माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. मागच्या वर्षी पाचोळ्यात अळंबीच्या छत्र्या उगवल्या, तेव्हा मी सगळ्यांना विषबाधेच्या गोष्टी सांगून घाबरवलं. पाणी जिरवायचा चर भरला, तेव्हा डेंग्यू. पाचोळ्याखाली साप असेल म्हणून मी अजून काठी आपटत चालते, आणि ती लहानगी माझ्यामागे तिची काटकी आपटत चालते. सगळे हसतात, मीही हसते. नवरा म्हणतो, तू ऑफिसमधून रिटायर झालीस, काळजीतून कधी होणार? त्यामुळे खरोखर भीती वाटली तेव्हा ती सांगायला मला तोंडच राहिलं नव्हतं.

झालं असं की नवरात्राच्या आधी आम्ही मागच्या कोपऱ्यातली घाणेरीची काटेरी झुडपं काढायला घेतली. त्या जाळीत एक सीताफळाचं झाड निघालं. जुनं खोड कोणीतरी कधी तोडलेलं, त्यातून फुटलेल्या फांद्या, आणि त्यांवर डोळे उघडलेली फळं. झाडाच्या मागे जुन्या कंपाउंडच्या भिंतीचा तुकडा, वर हिरव्या बाटल्यांच्या काचा रोवलेल्या. सगळ्यांना केवढा आनंद झाला. न लावता मिळालेलं फळझाड म्हणजे आमच्या लोकांना लॉटरीच. मी मात्र तोडलेली घाणेरीची फांदी हातात धरून तशीच उभी राहिले, कारण ती भिंत मी पाहिली होती. की नव्हती? काचा रोवलेल्या भिंती आपल्या अंबरनाथला पावलोपावली होत्या, आणि सीताफळ काय, कुठेही उगवतं.

मी लहान आहे, खंडेनवमीचा दिवस आहे. तुमच्या रसायनांच्या कारखान्याच्या गेटला झेंडूची तोरणं आहेत, यंत्रांना हळदकुंकू लावलेलं आहे, आणि वर्षातून या एका दिवशी घरच्यांना आत यायला परवानगी आहे. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आहे, लोक तुम्हाला साहेब म्हणताहेत, आणि मला ते फार आवडतं आहे. मोठी माणसं प्रसाद वाटण्यात गुंतलेली असताना मी मागच्या बाजूला जाते. तिथे भिंतीला लागून सीताफळाचं झाड आहे. एक पिकलेलं फळ हाताला येतं, मी ते फोडते, आणि तुम्ही कुठून तरी धावत येता आणि माझ्या हातावर असा फटका मारता की फळ भिंतीवर जाऊन आपटतं. "इथलं काही तोंडात घालायचं नाही. काही म्हणजे काही नाही. कळलं?" आवाज ऐकून आलेल्या सगळ्यांसमोर. तुम्ही मला त्याआधी कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मग नळाखाली माझे हात धूत राहिलात, मी रडत होते तरी.

परत येताना शिवमंदिराच्या रस्त्यावर डोंगराकडच्या बायका पळसाच्या पानांवर वाटे मांडून बसल्या होत्या. तुम्ही स्कूटर थांबवलीत. "कुठली गं ही सीताफळं?" "डोंगरावरची, दादा. बारवीकडची." तुम्ही पुन्हा विचारलंत, "नक्की ना? इकडच्या आसपासची नाहीत ना?" ती बाई वैतागली. "इकडं कुठं हायत झाडां? घ्याचं त घे, नाय त पुढं जा." तुम्ही तिची सगळी पाटी घेतलीत. आठवडाभर आपण सीताफळं खात होतो, आई शेवटी शेवटी शेजारी वाटत होती. मला वाटलं, न विचारता फळ तोडलं म्हणून मार बसला आणि नंतर तुम्हाला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी तेच धरून चालले होते.

आणि तुमचा शर्ट. संध्याकाळी तुम्ही आलात की तो स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर लागायचा. आई तो आपल्या बाकीच्या कपड्यांत भिजवायची नाही, त्याची बादली वेगळी. "कारखान्याचा वास आहे, दुसरं काही नाही," तुम्ही म्हणायचात. कडवट होता तो, थोडा बुटाच्या पॉलिशसारखा, आणि मागून गोडसर. आईला मळमळायचं. मला आवडायचा. तुम्ही आंघोळीला गेलात की मी दारामागे जाऊन त्या शर्टात तोंड खुपसून उभी राहायचे. वास आला म्हणजे बाबा घरी आले, एवढंच मला कळत होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी बागेत जेवण ठरलं होतं. आमची पद्धत अशी की जे बागेत उगवलं तेच शिजवायचं, बाहेरून फक्त तांदूळ आणि तिखटमीठ. अळूचं फदफदं, भेंडी, काकडीची कोशिंबीर आणि शेवटी सीताफळं. तो सबंध आठवडा, हीच ती कारखान्याची मागची बाजू असेल का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कारखाना बंद पडला तो तुम्ही गेल्यानंतर. त्याच्या जागी काय आलं ते मी कधी बघायलाही गेले नव्हते. रस्ते बदलले, नाले बुजले, टॉवर आले. मी त्या टॉवरच्या वॉचमनला विचारलं, आधी इथे काय होतं? "पता नहीं मैडम, हम तो नया आया है." नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "एक रविवार गप्प बसून बघ ना. काय होतंय?" आणि मलाही खात्री नव्हती, बाबा. एरवी तुम्ही मला कधी तिकडे नेलं नव्हतं. मी तो रस्ता एकदाच पाहिला, स्कूटरवर पुढे उभी राहून.

रविवारी पोचले तेव्हा चुलीवर भात चढला होता आणि अळूची पानं धुऊन परातीत ठेवली होती. मी म्हटलं, "जेवण थांबवा. आधी त्या झाडापाशी एक खड्डा खणून बघू."

हेंद्रेपाड्याची मुलगी दमल्यासारखी हसली. "काकू, परत? मागे मश्रूम झालं, मग डेंग्यू झाला. चिल करा ना थोडं. आणि खणायचं कशाला? दोन वर्षं झाली आपण ही माती बनवतोय."

"वरची बनवली गं. खालची कोणी पाहिली आहे का?"

काकांच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. "ताई, जमीन माझी आहे. मी काय पोरांना जहर खिलवणार? मेरेको मालूम होता तो मैं देता क्या?" त्यांचा चेहरा इतका उतरला की मला बोलले ते गिळून टाकावंसं वाटलं. कोणीतरी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? मी म्हटलं, लहानपणी कोणाकडून तरी ऐकलं होतं. कोणाकडून ते सांगितलं नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कोणी भेंडी चिरायला परत वळलं, आणि मला कळलं की आता जेवण होणार.

तेवढ्यात ती लहानगी माझ्यापाशी आली. हातात अर्धं फोडलेलं सीताफळ. ते माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "आजी, तुला," आणि दुसऱ्या हाताने एक फोड स्वतःच्या तोंडाकडे न्यायला लागली. मी तिच्या हातावर फटका मारला. फळ पाचोळ्यात जाऊन पडलं. तिने जो टाहो फोडला तो माझ्या कानातून अजून जात नाही. मी त्या मुलीला आजवर साधं ओरडलेही नव्हते. तिची आई धावत आली आणि तिने लेकीला कडेवर घेतलं. वाटलं, आता ही मला नको नको ते बोलणार. ती माझ्या तोंडाकडे बघत लेकीला कडेवरून खाली ठेवून शेडमध्ये गेली आणि कुदळ घेऊन आली. आमच्या बागेत कुदळ आहे हेही मला माहीत नव्हतं.

तिने स्वतःच खणलं. वरचा थर काळा, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेला; मला "बघा" म्हणून ती थांबलीही. मग तांबडी माती, मुरूम. मग कुदळ रुतली आणि सहज निघेना. वर आलं ते निळसर राखाडी, ओल्या चुन्यासारखं चिकट काहीतरी. आणि वास आला.

भात काकांनी स्वतः चुलीवरून उतरवला. पाण्याने चूल विझवली आणि एक घमेलं पालथं घालून त्यावर बसून राहिले. माती तपासायला दिली आहे, अजून काही कळलेलं नाही. काका रोज फोन करतात आणि काही आलं का एवढंच विचारतात. काल तिचा फोन आला, त्या मुलीचा. "काकू, दोन वर्षं माझी लेक तिथलंच खातेय. तिला काही होणार नाही ना?" बघा, सगळ्या बागेला घाबरवणारी मी, आणि धीर मागायला तिला मीच सापडले. मी म्हटलं, "काही होणार नाही गं. काकडीची मुळं वरच्या थरातच असतात, तो आपणच घातलेला. दुसरं काही नाही." मला काय ठाऊक मुळं कुठवर जातात? फोन ठेवल्यावर लक्षात आलं की शब्द तुमचेच होते, आवाजही तुमचाच लावला होता.

तुम्हाला माहीत होतं, बाबा. माझे हात धुताना माहीत होतं, पाटीवाल्या बाईला दोनदा विचारताना माहीत होतं. मग तुम्ही आणखी कोणाला सांगितलं होतं का? सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही? की नोकरी होती, मी होते, आईची दुखणी होती, म्हणून फक्त स्वतःच्या पोरीच्या हातावर फटका मारलात आणि घरी आलात? मला तुमचा राग आला आहे. असा राग मला तुम्ही असताना कधी आला नव्हता, आणि आता तो घेऊन कुठे जायचं ते कळत नाही. तुम्ही काहीतरी केलं असेल, वर कोणाशी भांडला असाल, असं मी रोज सकाळी ठरवते, आणि दुपारपर्यंत ते टिकत नाही. बागेत अजून मी तुमचं नाव घेतलेलं नाही. पुढच्या रविवारी ते विचारणारच, कोणाकडून ऐकलं होतं म्हणून, आणि तेव्हा मला सांगावं लागेल.

कुकर होऊन गेला, मी गॅस बंद करायला उठले नाही तर वरण करपेल. हे पाठवायला पत्ता नाही, घरात ठेवायलाही जागा नाही. पण उठायच्या आधी एक सांगते, जे त्यांना कधीच सांगता यायचं नाही. वास आला तेव्हा सगळे नाकाला पदर, रुमाल लावून मागे सरले. हेंद्रेपाड्याच्या मुलीने लेकीला उचललं आणि ती थेट गेटपर्यंत पळाली. मीही सरायला हवं होतं. मी खड्ड्यावर वाकले आणि छाती भरून तो वास घेतला, आणि परत घेतला. त्यात काय काय असेल ते मला कळत होतं. पण तेवढा वेळ तुम्ही घरी आला होतात.