फटफटीचं नवं मीटर

दिपेश बाळा,

पहिला आला तुझा राघोमामा, मागून नौपाड्याचे साहेब. तू विकायला सांगितलेली ना बाबांची फटफटी, ती बघायला. मी पार दमलेली, तरी चहा ठेवला. तुझ्या लेकीने, निशाने पुढच्या बत्तीला भोक पाडून इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर बसवलेलं.

"आजी, जुनी गाडी जशीच्या तशी पाहिजे!" साहेब ओरडले.

निशा म्हणते, "अहो, काटा बघा कसा नाचतो!"

मला हसू आवरेना. भोक पाडायला मीच सांगितलेलं. गाडी गेली तर ही पोर मला रोज खाडीवर कशावरून नेणार? तुला कळेल म्हणून पत्र धाडत नाही, ट्रंकेतच ठेवते.

पण साहेब हट्टी रे. तसलीच जुनी बत्ती शोधून रविवारी परत येतो म्हणाले.

तुझी आई सगुणा, कोपर